कॉकपिट, कारखाना आणि प्रवासी

लढाऊ वैमानिक स्वतःचे प्राण पणाला लावतो. प्रवासी विमानसेवेत मात्र शेकडो अनोळखी माणसे आपले प्राण दुसऱ्याच्या हाती सोपवतात. या दोन्ही जबाबदाऱ्या पेलणाऱ्या आणि काही काळ बंगळूरच्या विमान उद्योगाची धुरा वाहणाऱ्या एअर चीफ मार्शल प्रतापचंद्र लाल यांची कारकीर्द म्हणूनच वेगळी ठरते.

१९३९मध्ये वायुदलात दाखल झालेले लाल दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर सात क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून लढले. प्रथम व्हेंजन्स बॉम्बफेकी विमाने, नंतर हरिकेन लढाऊ विमाने. १९४५मध्ये त्यांना ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ मिळाला.

१९५७ ते १९६२ या काळात ते इंडियन एअरलाइन्सचे महाव्यवस्थापक होते. जुन्या डाकोटांच्या जोडीला व्हायकाउंट आणि फोकर फ्रेंडशिप विमाने आली, ती याच वर्षांत.

१९६६मध्ये बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सची सूत्रे त्यांच्याकडे आली. कालचा ग्राहक आज उत्पादक झाला! कंपनीच्या कानपूर विभागात तयार झालेली एचएस-७४८ प्रवासी विमाने १९६७पासून इंडियन एअरलाइन्सकडे जाऊ लागली. बंगळूरला मारुत आणि नॅट ही लढाऊ विमाने तयार होत होती. १९६९मध्ये लाल वायुदलप्रमुख झाले आणि १९७१च्या युद्धात हीच विमाने त्यांच्या आधिपत्याखाली लढली. कारखान्यातील कामाची कसोटी रणांगणावर लागली.

निवृत्तीनंतर, १९७३मध्ये, ते इंडियन एअरलाइन्सचे अध्यक्ष झाले. वायुदलात आज्ञा पाळली जाते. येथे कर्मचारी संघटनांशी बोलणी करावी लागत. संघर्ष विकोपाला जाऊन त्याच वर्षाच्या अखेरीस टाळेबंदी झाली. शिस्त आणि संवाद यांचा मेळ घालणे युद्धाइतकेच कठीण असते, याचा हा धडा होता.

१ जानेवारी १९७८ रोजी एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे विमान मुंबईजवळ समुद्रात कोसळले. २१३ जण मृत्युमुखी पडले. पुढच्याच महिन्यात सरकारने जे. आर. डी. टाटा यांना अध्यक्षपदावरून दूर करून तेथे लाल यांची नेमणूक केली. हा निर्णय वादग्रस्त ठरला. पण शोकाकुल संस्थेवरील प्रवाशांचा विश्वास जपण्याची जबाबदारी आता त्यांची होती.

१९८२मध्ये लाल यांचे निधन झाले. विमानातील प्रवाशाला इंजिनाची तपासणी दिसत नाही, तसेच ठेवीदाराला बँकेची खातेवही दिसत नाही. दोघेही निश्चिंत असतात, ते न दिसणाऱ्या हातांवरील भरवशाने. लाल यांनी आयुष्यभर त्या हातांचे काम केले.