काशीमिऱ्याच्या पलीकडचा वाघोबा

शहरात दिवाळी वसुबारसेने उजाडते. गायवासरू सापडत नाही म्हणून आपण चित्राला हळदकुंकू लावतो आणि फराळाकडे वळतो. त्याच सुमारास वारली पाड्यांवर वाघबारस असते. वाघोबाला नारळ, कोंबडा, शेंदूर वाहायचा आणि वर्षभर गुरांना, पोरांना सांभाळ म्हणायचे. वाघोबा म्हणजे पट्टेरी वाघच असे नाही. ठिपक्यांचा बिबट्याही त्यातच आला. मुंबई, ठाणे आणि पालघर या पट्ट्यातल्या वाघोबाच्या ठाण्यांचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात अशा 150 ठाण्यांची नोंद आहे. पूजा केली म्हणून बिबट्या शेळी नेत नाही, अशी वारल्यांची भाबडी समजूत मुळीच नाही. तो नेतोच. पण नेली तर आपल्याकडून वर्षाची पूजा राहिली का, कुठे चुकले का, याचा आधी विचार होतो. पिंजरा लावा ही मागणी त्यानंतरची.

हा पट्टा मीरा-भाईंदरला अगदी खेटून आहे. पूर्वेला काशीमिरा, चेणे, वर्सावे, घोडबंदर आणि त्यांच्या डोक्यावर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. उत्तरेला वसईची खाडी. पश्चिमेला उत्तन, पाली, चौक, डोंगरी आणि समुद्र. मधे जेमतेम 79 चौरस किलोमीटरच्या महापालिका हद्दीत 2011 च्या जनगणनेनुसार 8 लाख 9 हजार माणसे राहत होती. लोकलने भाईंदरला उतरणाऱ्याला स्टेशन, रिक्षा आणि इमारतींपलीकडे काही दिसत नाही. जंगल इथे पाठीमागे असते, आणि पाठीमागे असलेल्या गोष्टींची चौकशी आपण फारशी करत नाही.

या भागाची गोष्ट सांगायची तर आजोबापासून सुरुवात करावी लागते. 2009 मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला वर काढून, गळ्यात जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले. संशोधक विद्या अत्रेय यांच्या चमूने त्याचे नाव आजोबा ठेवले. हा आजोबा जवळपास 120 किलोमीटर चालत, कसाऱ्याकडचा रेल्वेमार्ग आणि आग्रा महामार्ग ओलांडून, महिन्याभरात मुंबईच्या नॅशनल पार्कात पोचला. वाटेत माणसांची कितीतरी गावे लागली. त्याने कुणाला ओरखडासुद्धा काढला नाही. सुजय डहाके यांनी त्याच्यावर 2014 मध्ये मराठी चित्रपट केला, उर्मिला मातोंडकर त्यात होत्या. चित्रपट येईपर्यंत मात्र खरा आजोबा उरला नव्हता. डिसेंबर 2011 मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर एका वाहनाच्या धडकेत तो गेला. एवढा मुलूख पायाखाली घालून आलेला प्राणी रस्ता ओलांडताना मेला. आजोबाची ओळख पटली ती त्याच्या शरीरातल्या मायक्रोचिपमुळे. बाकीच्या कितीतरी जनावरांची तेवढीही नोंद होत नाही.

बिबट्याला उचलून दुसरीकडे सोडणे हा त्या काळचा ठरलेला उपाय होता, आणि तोच अंगाशी आला. 2004 च्या जून महिन्यात या उद्यानाच्या परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत सुमारे दहा माणसे गेली. बाहेरून पकडून आणलेले बिबटे इथे सोडले जात होते. अनोळखी मुलखात सोडलेला, पिंजऱ्याने बिथरलेला प्राणी जास्त धोकादायक ठरतो, हे अत्रेय यांच्या अभ्यासातून पुढे आले आणि हळूहळू वनखात्यानेही ते मानले. 2011 मध्ये तत्कालीन संचालक सुनील लिमये यांच्या पुढाकाराने ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू झाला. त्यात वनरक्षक होते, संशोधक होते, पोलीस आणि पत्रकारही होते. पत्रकारांना बोलावून ‘नरभक्षक’ हा शब्द जपून वापरा म्हणून सांगणे, हेही तेव्हा वन्यजीव संरक्षणाचे काम ठरले. मला ते फार आवडते. बिबट्या वाचवायला आधी मथळा बदलावा लागला.

मोजणीचे आकडे बोलके आहेत. निकित सुर्वे यांनी 2015 मध्ये कॅमेरा ट्रॅप लावून 35 बिबटे नोंदवले. 2018 मध्ये ही संख्या 47 झाली. उद्यान साधारण 103 चौरस किलोमीटरचे, आणि चहूबाजूंनी शहर. इतके बिबटे जगतात कशावर? चितळ-सांबरावर, हे खरेच. पण 2015 च्या अभ्यासात त्यांच्या खाण्याचा सुमारे चौथा हिस्सा भटक्या कुत्र्यांचा निघाला. कुत्री जगतात कचऱ्यावर आणि कचरा आपला. म्हणजे सोसायटीच्या फाटकाबाहेर उकिरडा साठू दिला की आपण बिबट्याला पान वाढून ठेवले. मग सीसीटीव्हीत तो दिसला की आपणच ओरडायचे! वनखात्याचा 1926 हा क्रमांक अशा वेळी लावतात, पण कचऱ्याची गाडी वेळेवर येणे ही त्याआधीची पायरी आहे.

आता पाड्यांकडे. उद्यानातली अतिक्रमणे हटवण्याचा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश 1997 चा. झोपड्या उठल्या, जंगलावरचा ताण कमी झाला, हे नाकारता येणार नाही. पण काल आलेली वस्ती आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा पाडा यांत फरक करायला यंत्रणेला नेहमीच जड गेले आहे. पावसाळ्यात शेवळं, कंटोळी, टाकळा कुठे उगवतो हे ज्यांना ठाऊक, त्यांना झाडाखालचा ताजा ठसाही आधी दिसतो. असा माणूस जंगलाला परका कसा?

2006 च्या वनहक्क कायद्याने या प्रश्नाचे उत्तर दिले होते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देवाजी तोफा यांच्या गावाने ते जंगल राखले आणि बांबू स्वतः विकला. मात्र तो कायदा ग्रामसभेवर उभा आहे. मीरा-भाईंदरची गंमत अशी, की इथल्या पाच ग्रामपंचायती 12 जून 1985 रोजी एकत्र करून नगरपालिका झाली, आजूबाजूची गावे पुढे तिच्यात आली आणि 28 फेब्रुवारी 2002 ला महापालिका. गाव गेले, ग्रामपंचायत गेली; मग ग्रामसभा कुणाची आणि ती भरवायची कुठे? मेंढ्यात ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणता येते. चेण्यात सरकार वॉर्डाचे असते, आणि वॉर्डात पाड्यांची मते टॉवरच्या मतांपुढे चिमूटभर.

पश्चिमेकडे गेले की जंगल रूप बदलते. तिवर, कांदळ, चिप्पी, मारंडी: खाडीचे हे रान पूर्वी गावाने खाजण म्हणून सांभाळले, चिंबोऱ्या, निवट्या आणि कालवांवर घरे चालली. आगरी हे नावच मिठागराच्या आगरावरून आलेले. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये कांदळवन तोडण्यावर आणि त्याच्या 50 मीटर परिघातल्या बांधकामावर बंदी घातली, 2018 मध्ये ती कायम केली. 2012 मध्ये राज्याने स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला, 2020 मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्ष म्हटले. कागद चोख आहेत. पण कांदळवन एका रात्रीत तुटत नाही. आधी डेब्रिजची गाडी येते, मग बांध पडतो, भरतीचे पाणी अडते आणि झाड उभ्या उभ्या वाळते. हे पहिल्यांदा दिसते ते ओहोटीला चिखलात उतरणाऱ्या बाईला. तिने सांगितले तर ऐकणारे कोण, यावर सगळे अवलंबून.

उत्तनच्या कोळ्यांना निसर्गाची शिस्त नवी नाही. 1 जून ते 31 जुलैची मासेमारीबंदी सरकारची. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी न लोटण्याची रीत त्याहून जुनी. 2018 पासून राज्य सरकार जाळ्यात अडकलेले कासव किंवा दुसरा संरक्षित प्राणी जाळे कापून सोडणाऱ्याला 25 हजारांपर्यंत भरपाई देते. जाळे कापायला सांगायचे आणि जाळ्याची किंमतही द्यायची, असा सरळ व्यवहार वन्यजीवांच्या कामात क्वचितच आढळतो. मात्र त्याच उत्तनच्या धावगी डोंगरावर साऱ्या शहराचा कचरा वर्षानुवर्षे जाऊन पडला. शिस्त त्यांनी पाळायची आणि उकिरडाही त्यांच्याच माथ्यावर.

डोंगरीच्या टेकडीची कथाही त्याच अंगाने जाते. दहिसर-भाईंदर मेट्रोची कारशेड आधी राई-मुर्धे-मोर्वे भागात होणार होती. गावकऱ्यांनी विरोध केला, म्हणून ती डोंगरीला हलली. तिथे हजारो झाडांवर कुऱ्हाड येणार म्हटल्यावर हरकतींचे ढीग पडले. मेट्रो नको असे फार थोडे म्हणतात. रोज लोकलच्या दाराला लटकणाऱ्याने तसे का म्हणावे? गावकऱ्यांचा सवाल एवढाच, की जागा पक्की झाल्यावर हरकती मागवायच्या, तर त्या हरकती कसल्या?

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर रात्री ट्रकांची रांग तुटत नाही. तिच्या एका अंगाला उद्यानाचा काळा डोंगर, दुसऱ्या अंगाला शहराचे दिवे. वाघबारशीला पाड्यावरच्या ठाण्यापुढे पणती लागते, ती महामार्गाच्या झगमगाटात दिसतही नाही. पणती लावणारी माणसे परत फिरताना टॉर्च मारून रस्त्याकडे बघतात: कुणी ओलांडायला उभे तर नाही ना.