उन्हाळ्याचे खाते कोणाकडे?

गटार तुंबले, रस्त्यावरचा दिवा बंद पडला किंवा नळाला पाणी आले नाही, तर तक्रार कोणत्या खात्याकडे करायची हे आपणांस ठाऊक असते. पण ऊन फार झाले तर? उन्हाळ्याचे खाते कोणाकडे असते?

हा प्रश्न अहमदाबाद शहरापुढे २०१० साली उभा राहिला. त्या वर्षी २१ मे रोजी तेथील तपमान ४६.८ अंश सेल्सिअसवर पोचले. त्या महिन्यात उन्हाने किती माणसे दगावली? दाखल्यांवरून हे नीट कळत नाही. ऊन सोसून माणूस खालावतो आणि दाखल्यावर बहुधा हृदय किंवा मूत्रपिंड निकामी झाल्याची नोंद होते. म्हणून संशोधकांनी निराळी युक्ती केली. कारणे बाजूला ठेवून त्यांनी शहरातले सगळेच मृत्यू मोजले. मे २०१० मध्ये ते ४,४६२ होते. आदल्या व पुढच्या वर्षाच्या मे महिन्यांची सरासरी होती ३,११८. वजाबाकी करा : १,३४४!

आपले शरीर थंड राहते ते घामाच्या बाष्पीभवनामुळे. शरीरातले पाणी घटले, की ही सोय अपुरी पडते. आतले तपमान ४० अंशांपलीकडे गेले, की मेंदूचे काम बिघडू लागते. हाच उष्माघात. वेळीच पाणी, सावली व उपचार मिळाले तर तो बहुतेक वेळा टाळता येतो. म्हणजे काम डॉक्टरांचे आहे, पण एकट्या डॉक्टरांचे नाही.

महानगरपालिकेने गांधीनगरच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेतील तज्ज्ञ आणि काही अमेरिकी संशोधक यांच्यासह २०१३ साली उष्णतेचा कृती आराखडा तयार केला. दक्षिण आशियातला असा हा पहिलाच. त्यातली खरी हुशारी, माझ्या मते, अगदी साधी आहे : आरोग्य खात्यातील एका अधिकाऱ्याच्या हाती सगळे दोर दिले. तपमानाचा काही दिवस आधीचा अंदाज त्याच्याकडे येतो. ४१.१ अंशांपासून पिवळा इशारा, ४३.१ पासून नारिंगी, ४५ पासून लाल. इशारा ठरला, की कोणी काय करायचे हे आधीच लिहिलेले! रुग्णालयांनी बर्फाच्या पिशव्या व क्षार-साखरेच्या पाण्याची पाकिटे तयार ठेवायची, रुग्णवाहिका सज्ज ठेवायच्या, पाणपोया वाढवायच्या, बागा भर दुपारीही उघड्या ठेवायच्या, वर्तमानपत्रांतून व दूरध्वनी संदेशांतून लोकांना सावध करायचे. ऐनवेळी बैठक बोलावण्याचा प्रश्नच नाही.

त्याच सुमाराची एक गोष्ट मला फार आवडते. शहरातील एका रुग्णालयात बाळंतिणींचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या गच्चीखाली होता. तान्ह्या बाळांना घामावाटे शरीर नीट थंड ठेवता येत नाही. तो कक्ष खालच्या मजल्यावर हलवला. उन्हाच्या त्रासाने अतिदक्षता विभागात दाखल होणाऱ्या बाळांचे प्रमाण त्यामुळे बरेच घटले, असे अभ्यासात आढळले. नवे यंत्र नाही, औषध नाही. नुसता जिना उतरायचा!

आराखड्याचा उपयोग किती झाला? २०१४ व २०१५ चे आकडे तपासून संशोधकांनी अंदाज केला, की वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळले. मात्र अंदाजाची खालची मर्यादा १६२ आणि वरची २,२१८ आहे. टळलेला मृत्यू मोजणे हे झालेला मृत्यू मोजण्यापेक्षा कितीतरी अवघड!

दर उन्हाळा संपला, की मंडळी पुन्हा बसतात आणि आराखड्यात दुरुस्त्या करतात. २०१७ मध्ये त्यात पांढऱ्या छपरांची भर पडली. पांढरा रंग सूर्यकिरण परतवतो, त्यामुळे पत्र्याच्या घरात आतली उष्णता उतरते. नागपूरनेही २०१६ पासून असा आराखडा हाती घेतला. तेथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणे नवीन नाही.