कचेरीची ई-मेल : पेटी बदला, पत्ता नको

या सदरात आपण बहुधा विमा, कर आणि निवृत्तीच्या पैशांविषयी बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा असला तरी खिशाशी त्याचाही संबंध आहे.

आपल्यापैकी अनेकांचे येथे अमेरिकेत दवाखाने, औषधांची दुकाने, हिशेबाच्या कचेऱ्या आहेत. माझ्या पत्नीच्या दातांच्या दवाखान्यात नऊ माणसे काम करतात. मागच्या खोलीत मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज २०१९ चा मेल सर्व्हर होता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ यांचा नेहमीचा आधार संपला. यंत्र चालू राहते, पण नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबतात. २०२१ मध्ये एक्स्चेंजमधील त्रुटींतून जगभरच्या हजारो सर्व्हरांत चोर शिरले होते. रुग्णांची माहिती असलेल्या जागी असा धोका पत्करणे बरे नव्हे.

आम्ही खुल्या मानकांवर चालणारा सर्व्हर निवडला. मेल पाठवण्याची एसएमटीपी पद्धत १९८२ पासून आहे, वाचण्याची आयमॅप १९८६ पासून. दिनदर्शिकेसाठी कॅलडॅव्ह आणि पत्त्यांसाठी कार्डडॅव्ह. यांचे नियम सर्वांना खुले आहेत, ते कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाहीत. त्यामुळे उद्या सेवा पटली नाही तर भाड्याचे घर सोडताना आपली भांडीकुंडी घेऊन निघावे, तसे निघता येते. जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२५ मध्ये ४०,००० हून अधिक मेलपेट्या अशाच हलवल्या.

आमच्या अनुभवातून काही सूचना :

१. पत्ता स्वतःच्या डोमेनवर असावा आणि डोमेनची नोंदणी मालकाच्याच नावावर असावी. मग सर्व्हर बदलला तरी गिऱ्हाइकांना काही कळवावे लागत नाही.

२. आधी दोघांचीच खाती हलवून पाहा. आम्ही तसे केले म्हणून निभावले. मेल सगळी आली, पण दर सहा महिन्यांनी येणाऱ्या रुग्णांच्या नोंदी दिनदर्शिकेतून गायब! आयमॅपने फक्त मेल हलते. दिनदर्शिका आणि पत्ते वेगळे हलवावे लागतात, हे आम्ही विसरलो होतो. सगळी खाती एकदम हलवली असती, तर किती रुग्णांना आठवणीचा फोन गेला नसता कोण जाणे.

३. माणसांना आउटलुकची सवय असेल तर ग्रोम्युनिओसारखा मुक्त सर्व्हर पाहावा. तो आउटलुकशी थेट जुळतो.

४. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नोंदी नीट करून घ्या. नाहीतर तुमची मेल लोकांच्या स्पॅममध्ये जाईल.

५. जुना सर्व्हर काही आठवडे ठेवा, आणि त्यातील सर्व मेलची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या.

६. दवाखाना असेल आणि मेल बाहेरची कंपनी सांभाळणार असेल, तर हिपा कायद्यानुसार तिच्याशी बिझनेस असोसिएट करार आधी करावा.

आता पैशांचे. सॉफ्टवेअर फुकट मिळाले तरी काम फुकट होत नाही. रोजची प्रत, दुरुस्त्या, सुट्टीच्या दिवशी बंद पडल्यास धावून येणारा माणूस, हे सारे हिशेबात धरावे. घरात जाणकार नसेल, तर खुली मानके पाळणाऱ्या कंपनीकडे महिन्याच्या भाड्याने पेटी घेणे शहाणपणाचे. सही करण्यापूर्वी मात्र एकच प्रश्न विचारावा : "आम्ही सोडून गेलो, तर आमचे सगळे सामान कोणत्या रूपात परत द्याल?" उत्तर गुळमुळीत आले, तर दुसरे दुकान शोधावे.