वारंवार उपासमार आणि हट्टी वजन

घरांत एखादें लग्नकार्य ठरलें, कीं साड्या-दागिन्यांच्या यादीबरोबरच कोणाच्या तरी मनांत एक गुप्त संकल्प सुटतो : ‘वैशाखापर्यंत आठ किलो वजन उतरवायचें.’ भात बंद होतो, साखर सुटते, रात्रीच्या जेवणाच्या जागीं वाटीभर सार येतें. कार्य पार पडतें, अंग थोडें हलकें होतें, आणि दिवाळीचा फराळ संपेपर्यंत गेलेलें सारें व्याजासह परत येतें. पुढच्या कार्याला पुन्हां तोच खटाटोप. परंतु या खेपेस कांटा जागचा हलत नाहीं. मग एखाद्या आत्याबाई म्हणतात, “अगं, पुन्हां पुन्हां उपाशी राहून तूं शरीराचें यंत्रच बिघडवून ठेवलें आहेस. आतां काय उपयोग?” हें ऐकून किती भगिनींनीं हात टेकले असतील! पुरुषवर्गही यांतून सुटलेला नाहीं. तो फक्त आपल्या खटाटोपाची वाच्यता करीत नाहीं. आत्याबाईंचें म्हणणें कितपत खरें, याचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम हें मान्य केलें पाहिजे, कीं ही समजूत अगदींच निराधार नाहीं. मिळकत घटतांच काटकसरी गृहिणी जशी खर्चाला कात्री लावते, तसेंच शरीरही करतें. याचा प्रत्यय १९४४-४५ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत आला. महायुद्धानें उपाशी पडलेल्या युरोपांतील लोकांस पुन्हां कसें अन्नावर आणावें, हें समजून घेण्यासाठीं अ‍ॅन्सेल कीज् यांनीं ३६ निरोगी तरुणांस, त्यांच्या संमतीनें, २४ आठवडे अर्धपोटीं ठेवलें. त्यांचें वजन सुमारें चतुर्थांशानें उतरलें; परंतु स्वस्थ पडून असतां शरीर जी ऊर्जा खर्च करतें, ती सुमारें चाळीस टक्क्यांनीं घटली. इतकी घट केवळ देह लहान झाल्यानें होणारी नव्हती. पुढें मनसोक्त खाण्याची मुभा मिळतांच मेद पूर्वीहूनही अधिक सांचला. झिजलेलें मांस मात्र तितक्या लवकर भरून आलें नाहीं.

‘वारंवार’ या शब्दाला जोर आला तो १९८६ सालच्या एका प्रयोगानें. केली ब्राउनेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लठ्ठ उंदरांस दोनदां रोडावून दोनदां पुष्ट केलें. दुसऱ्या खेपेस वजन निम्म्या गतीनें उतरलें आणि सुमारें तिप्पट गतीनें परतलें. ही वार्ता सर्वत्र पसरली. परंतु पुढील प्रयोगांत हा परिणाम सारखा आढळला नाहीं. आणि उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे. १९९४ सालीं अमेरिकेंतील तज्ज्ञांच्या एका राष्ट्रीय मंडळानें उपलब्ध पुरावा तपासून सांगितलें, कीं वजनाच्या चढउतारानें पुढें वजन उतरणें कठीण होतें असें खात्रीनें म्हणतां येत नाहीं.

याहून स्पष्ट उत्तर २०१३ सालीं अमेरिकेंतील सिएटल येथील संशोधकांनीं प्रसिद्ध केलें. पन्नास ते पंचाहत्तर वर्षे वयाच्या ४३९ स्थूल स्त्रियांस त्यांनीं वर्षभर अभ्यासलें. कांहींनीं पूर्वीं तीनदां वा अधिक वेळां प्रत्येकीं नऊ किलो किंवा त्याहून जास्त वजन घटवून गमावलें होतें. आरंभीं त्यांचें वजन इतर स्त्रियांहून अधिक होतें खरें. परंतु आहार व व्यायाम नेमानें पाळल्यावर वर्षाअखेर त्यांचेंही वजन इतरांइतकेंच उतरलें. पूर्वींच्या अपयशानें त्यांची वाट अडविली नाहीं.

मग तिसऱ्या खेपेस कांटा हलत नाहीं, हा अनुभव खोटा काय? खोटा नव्हे, त्याचीं कारणें निराळीं आहेत. पहिल्या आठवड्यांत जें झपाट्यानें उतरतें, तें बव्हंशीं पाणी असतें. यकृतांत व स्नायूंत सांठविलेल्या शर्करेबरोबर तिच्या सुमारें तिप्पट पाणी धरलेलें असतें. ती शर्करा संपतांच तेंही जातें. त्या घाईची सवय झालेल्या मनाला पुढील संथ घट म्हणजे अपयशच वाटतें. दुसरें, दोन प्रयत्नांमध्यें वयाचीं वर्षें लोटलेलीं असतात. तिसरें, उपासमारीनें मेदाबरोबर मांसही झिजतें, आणि मांस कमी तितका स्वस्थ बसल्या जागचा खर्चही कमी.

चौथें कारण सर्वांत बलवान्, आणि तें पहिल्याच खेपेपासून लागू असतें. २०११ सालीं ऑस्ट्रेलियांत असें आढळलें, कीं दहा आठवडे अत्यल्प आहार घेऊन वजन घटविलेल्या माणसांच्या रक्तांत भूक चाळविणारें घ्रेलिन वाढलें, तृप्ति सांगणारें लेप्टिन घटलें, आणि वर्ष उलटलें तरी तें पूर्वपदावर आलें नाहीं. २०१६ सालीं एका अमेरिकन दूरचित्रवाणी-स्पर्धेंतील चौदा स्पर्धकांची सहा वर्षांनंतर तपासणी झाली. सरासरी ५८ किलो घटविलेल्यांपैकीं ४१ किलो परत आले होते, आणि त्यांचा विश्रांतींतील खर्च अपेक्षेहून दिवसाकाठीं सुमारें ५०० उष्मांकांनीं कमीच होता. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी : ज्यांनीं अधिक घट टिकविली, त्यांचाच खर्च अधिक मंदावलेला होता. म्हणजे ही मंदगति केलेल्या खेपांच्या संख्येची शिक्षा नव्हे. घटविलेल्या वजनामागें शरीर वसूल करीत असलेली ती पट्टी आहे.

एवंच, आत्याबाईंचें निदान चुकीचें असलें, तरी उतावीळपणाबद्दलची त्यांची नाराजी रास्त आहे. आपल्या लोकांस तर मांस गमावणें मुळींच परवडणारें नाहीं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांची २००४ सालीं प्रसिद्ध झालेली तुलना पाहा. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक तंतोतंत एकच, २२.३, पण मेद युडकिन यांच्या अंगीं ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगीं २१.२ टक्के! आपल्याकडील पुष्कळ सडपातळ देह असेच आंतून मेदाळ असतात. अशा देहानें पुन्हां पुन्हां उपाशी राहून मांस झिजवावें, हा आतबट्ट्याचा व्यवहार होय.

तेव्हां करावें काय? सणवाराचा मुहूर्त धरून वजन उतरवूं नये. कायम पाळतां येईल इतकाच बदल करावा. भात पार सोडण्याऐवजीं एक मूद कमी घ्यावी, आणि डाळ, उसळ, ताक यांचें प्रमाण वाढवावें. रोज चालावें, आठवड्यांतून दोनतीनदां स्नायूंस ताण पडेल असे श्रम करावे. मधुमेहावर औषध चालूं असल्यास वैद्यकीय सल्ल्यावांचून उपास मुळींच करूं नये. आणि वजन थोडेंच उतरलें, तरी रक्तांतील साखर, रक्तदाब व गुडघे यांस त्याचा लाभ मिळतो, हें विसरूं नये.

शेवटची विनंति घरांतील इतरांस. एकत्र कुटुंबांत एकटीचें ताट निराळें वाढलें, कीं तो बदल महिनाभरही टिकत नाहीं. ‘एवढी एक पोळी घेच’ हा आग्रह, आणि न घेतल्यास रुसवा, हे दोन्ही तिला माघारीं खेचतात. वाढणारणीनेंच तूप-साखरेचा हात सर्वांसाठीं थोडा आवरला, तर वेगळ्या पथ्याची गरजच उरत नाहीं. आणि चौथ्यांदां प्रयत्न करणाऱ्या सुनेला ‘आतां काय उपयोग’ असें म्हणण्याऐवजीं कोणी सायंकाळीं तिच्याबरोबर फिरावयास निघालें, तर तिच्या वजनाचें जें होईल तें होवो, दोघींचेंही आरोग्य सुधारेल.