पाय मुरगळला नाही, तरी घोटा का दुखतो?



दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी सुरू झाली, की जिंतूर असो नाहीतर सोनपेठ, गटाच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "बाई, पडले नाही, पाय मुरगळला नाही, तरी घोटा ठणकतोय." कुणी म्हणतं वात आहे, कुणी म्हणतं वय झालं. मग दुकानातून दोन गोळ्या आणायच्या आणि सकाळी पुन्हा रानात जायचं. वेचणीची मजुरी किलोवर असते, घरी बसलं की ती बुडते. पण मार न लागता घोटा दुखण्याची कारणं अनेक आहेत. एकाच गोळीनं ती सगळी बरी होत नाहीत.

कामाच्या ताणाचं दुखणं

पोटरीला टाचेशी जोडणारी एक जाड शीर टाचेच्या मागं असते. बरेच दिवस काम कमी असतं आणि मग एकदम दिवसभर ओटी बांधून ढेकळांतून चालावं लागतं. त्यानं ही शीर दुखावते. सकाळी पहिली पावलं टाकताना दुखतं, चाललं की जरा सैल होतं, संध्याकाळी पुन्हा ठणकतं. तळपाय सपाट असेल, वजन जास्त असेल किंवा चप्पल झिजलेली असेल, तर घोट्याच्या आतल्या बाजूला दुखतं. खुरपताना तासन्‌तास उकिडवं बसल्यानं घोट्याच्या पुढच्या बाजूवर ताण येतो.

घरी हे करा:

१. ओटी अर्धी भरली की रिकामी करा. दोन-तीन आठवडे डोक्यावर गाठोडं घेऊ नका.

२. संध्याकाळी १५ मिनिटं थंड पाण्याची पट्टी ठेवा, पाय उशीवर घ्या. सूज असताना शेकू नका, जोरात रगडू नका.

३. भिंतीला दोन्ही हात टेकून उभ्या राहा. दुखरा पाय मागं घ्या, गुडघा सरळ आणि टाच जमिनीवर ठेवा. पोटरीला ताण येईपर्यंत पुढं झुका आणि ३० आकडे मोजा. असं तीनदा, सकाळ-संध्याकाळ करा.

४. मागं पट्टा असलेली, जाड आणि मऊ तळाची चप्पल किंवा बूट घाला.

५. खुरपताना अधूनमधून उठून चार पावलं चाला. उभ्यानं चालवायचं सायकल कोळपं गटानं मिळूनही घेता येतं.

अशी शीर बरी व्हायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात. धीर धरा, व्यायाम मधेच सोडू नका.

वेगळं दुखणं ओळखा

सकाळी अर्धा-पाऊण तास सांधे आखडतात, दोन्ही घोटे आणि हातांची बोटंही सुजतात, असं सहा आठवडे चाललं तर तो सांध्यांच्या आतला वात असू शकतो. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतो. लवकर औषध सुरू केलं तर सांधे वाकडे होण्यापासून वाचवता येतात. चिकुनगुनियाचा ताप उतरल्यावरही घोटे कित्येक महिने दुखू शकतात. पाळी गेलेल्या बाईचा सांधा एका रात्रीत लाल होऊन ठणकू लागला, तर रक्तातलं युरिक अॅसिड तपासावं लागतं. दोन्ही पाय सुजून बोटानं दाबल्यावर खड्डा पडत असेल, तर रक्त कमी आहे का, मूत्रपिंड आणि हृदय ठीक आहे का, हे बघावं लागतं.

गोळीचा धोका

वेदनाशामक गोळ्या रोज खाल्ल्या तर पोटात जखम होते, मूत्रपिंडावर परिणाम होतो. बीपी असलेल्या आणि गरोदर बाईनं तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. नाव नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड असू शकतं. दोन दिवस छान वाटतं, पण पुढं साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

त्याच दिवशी दवाखान्यात जा

- सांधा लाल, गरम झाला आणि ताप आला.
- एकाच पायाची पोटरी अचानक सुजली. त्यासोबत दम लागला तर क्षणभरही थांबू नका, १०८ ला फोन करा.
- गरोदरपणात पाय सुजले आणि डोकं दुखतंय, डोळ्यापुढं अंधारी येते.
- साखरेचा आजार आहे आणि पाऊल सुजलं, गरम झालं किंवा जखम झाली, मग ते दुखत नसलं तरी.
- पाय टेकवतच नाही.

यातलं काही नसेल, पण दोन-तीन आठवडे काळजी घेऊनही फरक नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. आधी गावातल्या आशाताईंना विचारा. बीपी आणि साखर उपकेंद्रातही तपासतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत.

पुढच्या बैठकीत बचत जमा झाली, की दहा मिनिटं यासाठी ठेवा. कुणाचा घोटा दुखतोय, किती दिवसांपासून आणि ती कोणत्या गोळ्या खातेय, एवढं विचारा. एकटीला दवाखान्यात जायला संकोच वाटत असेल, तर गटातली एखादी ताई सोबत जाऊ द्या. एक दिवसाची मजुरी बुडाली तर भरून काढता येईल, पाय मात्र जन्मभर पुरायचे आहेत.