मुक्त कार्यप्रणालीस जुळणारा कॅमेरा

सोलापुरास २००५ सालापासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, हें आपलें भाग्यच होय. तथापि दूरच्या तालुक्यांतील बागाईतदारास दर वेळीं रोगट पान घेऊन तज्ज्ञांकडे जाणें शक्य नसतें. मागें एका पावसाळ्यांत आमच्या डाळिंबाच्या पानांवर तेलकट डाग दिसूं लागले. तो तेल्या कीं बुरशीचा ठिपका, हें संगणकावरून एका जाणकारांस दाखवावें असें आम्हीं ठरविलें. आमचें यंत्र जुनें, नवी विंडोज त्यास झेपेना. म्हणून त्यांत लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली घातलेली. घाईनें आणलेला कॅमेरा तिच्यावर चालेना, कारण त्याचा ड्रायव्हर केवळ विंडोजकरितां होता. दुसरा मिळेपर्यंत चार दिवस गेले. पावसाच्या शिंतोड्यांनीं पसरणारा तो तेल्याच निघाला व तोंवर शेजारच्या ओळींत शिरला.

विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपल्यामुळें पुष्कळ घरीं लिनक्सचा विचार होईल. सबब आमचा अनुभव वाचकांपुढें ठेवितों.

पहिली गोष्ट, वेष्टनावर ‘यूव्हीसी’ ही अक्षरें शोधावीं. सातबाराचा नमुना सर्वत्र एकच असल्यानें कोणत्याही गांवचा उतारा कोणताही कारकून वाचूं शकतो. यूव्हीसी हा कॅमेऱ्यांचा तसाच ठराविक नमुना आहे. तो वाचणारा ड्रायव्हर २००८ सालापासून लिनक्सच्या गाभ्यांतच आहे. निराळें कांहीं घालावें लागत नाहीं. ‘प्रथम सोबतचा ड्रायव्हर घाला’ असें जेथें लिहिलें असेल, तो कॅमेरा पारखल्यावांचून घेऊं नये.

दुसरी गोष्ट, पान जवळून दाखवावयाचें असल्यास आपोआप फोकस साधणारा कॅमेरा घ्यावा. लॉजिटेकच्या सी२७० मध्यें फोकस स्थिर असतो. बोलणाऱ्याचा चेहरा त्यांत नीट दिसतो, परंतु जवळ धरलेल्या पानावरील बारीक डाग अस्पष्ट होतात. सी९२० मध्यें ही सोय आहे. दोन्ही यूव्हीसी नमुन्याचेच आहेत.

तिसरी गोष्ट, पाट लहान व पाणी फार असें होऊं देऊं नये. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचें चित्र न दाबतां सेकंदास ३० वेळां पाठविण्यास सुमारें १०० कोटी बिट लागतात, यूएसबी २.० ची कमाल मर्यादा ४८ कोटींची. म्हणून चित्र अडखळत असल्यास एमजेपीईजी हें दाबलेलें स्वरूप निवडावें, अथवा चित्र लहान करावें.

शेवटची व मुख्य गोष्ट अशी कीं, आपला संगणक दुकानीं न्यावा. तो हलविण्याजोगा नसेल तर लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह न्यावा व दुकानदाराच्या परवानगीनें त्यावरून तेथील यंत्र सुरू करावें. कॅमेरा जोडून, खिशांतील एखादें पान त्यापुढें धरावें. पानाच्या शिरा स्पष्ट दिसल्या तरच पैसे मोजावे. बैल घेतांना आपण त्यास चालवून पाहतों. येथेंही तोच शिरस्ता पाळावा.