रायफल कुणाच्या हातात द्यावी?

पुण्यातल्या धायरीत आणि शेजारच्या नऱ्ह्यात लेथ, मिलिंग, वेल्डिंगची लहान वर्कशॉप गल्लोगल्ली आहेत. नुसता नमुना दाखवला की तसाच पार्ट करून देणारे कारागीर तिथे भेटतात. घरात नेमबाजी शिकणारं मूल असेल आणि रायफलचा एखादा भाग अडत असेल, तर आईवडिलांची पावलं आधी तिकडे वळणं साहजिक आहे. बालेवाडीची रेंज शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि वर्कशॉप मात्र दारात! पण रायफलचं काम कुणी करायचं, हे कारागिराच्या कसबावर ठरत नाही.

१९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार अग्निशस्त्र बनवण्याइतकंच ते दुरुस्त करायला, त्यात बदल करायला किंवा त्याची चाचणी घ्यायलाही परवाना लागतो. तो नसलेल्या माणसाने धंदा म्हणून हे काम केलं, तर २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं आणि कमाल जन्मठेपेची शिक्षा आहे. विनापरवाना नळी आखूड करण्यालाही तीच शिक्षा. रायफल बाळगण्याचा परवाना तुमच्याकडे असला, तरी लेथवाल्याला त्याचं संरक्षण मिळत नाही. ओळखीतलं काम म्हणून बिचाऱ्याला यात ओढू नये.

एअर रायफलला परवाना लागत नाही, म्हणजे ती कायद्याबाहेरच आहे, असं अनेकांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. अग्निशस्त्राच्या व्याख्येत स्फोटकाबरोबर ‘ऊर्जेचे इतर प्रकार’ही येतात. २०१६च्या नियमांनी २० ज्यूलपर्यंतच्या आणि ४.५ मिलिमीटरपर्यंत व्यासाच्या एअर रायफलींना परवान्यातून सूट दिली आहे. स्पर्धेतली रायफल अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचा पेलेट सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने सोडते; ती ऊर्जा आठ ज्यूलच्या आतबाहेर भरते. स्प्रिंग बदलून ‘पॉवर वाढवायची’ हौस स्पर्धेत काही कामाची नाही आणि ती तुम्हाला परवान्याच्या हद्दीत नेऊ शकते.

तरीही रायफलचं पुष्कळसं काम नेमबाजाने स्वतःच केलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यातला दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. गाल चीकपीसवर दर वेळी त्याच जागी टेकला नाही, तर डोळा साइटच्या रेषेतून सरकतो आणि नेम गेला. खांद्याला टेकणाऱ्या बट प्लेटची उंची, स्टॉकची लांबी, वजनं कुठे लावायची हे ज्याच्या त्याच्या अंगकाठीवर ठरतं. वाढत्या वयाच्या मुलांत तर ते बदलतच राहतं. एकूण वजन मात्र ५.५ किलोच्या आत राहायला हवं. हे स्क्रू फिरवणं, प्रत्येक बदल वहीत टिपणं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून ग्रुपिंग, म्हणजे नेम किती जवळजवळ लागतात ते, पाहणं हा प्रशिक्षणाचाच भाग आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलं, ते ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात. गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभ्याने, अशा तीन स्थितींत या प्रकारात नेम धरावा लागतो. प्रत्येक स्थितीसाठी रायफल नव्याने जुळवावी लागते आणि अंतिम फेरीत त्यासाठी मोजकी मिनिटं मिळतात. तिथे आर्मरर, म्हणजे रायफली दुरुस्त करणारा तंत्रज्ञ, मदतीला येत नाही. सगळी मापं हातात बसलेली असावी लागतात. २००८ला बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राला अंतिम फेरीआधीच्या सरावात साइट हललेली आढळली. त्याने ती तिथेच जुळवून घेतली आणि सुवर्ण जिंकलं. रायफल परक्याच्या भरवशावर सोडलेल्या नेमबाजाला हे साधलं नसतं.

आता जिथे हात आवरायचा, तिथली गोष्ट. आजच्या स्पर्धेच्या एअर रायफलमध्ये २०० बारपर्यंत हवा भरलेला सिलिंडर असतो. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतात, यावरून त्या दाबाचा अंदाज यावा. त्या सिलिंडरला मुदत असते, साधारण दहा वर्षांची. मुदत संपलेला सिलिंडर स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये आणि गळतो म्हणून घरी उघडू नये. रेग्युलेटर, व्हॉल्व्ह, ट्रिगरच्या आतली यंत्रणा आणि बॅरल यांना प्रशिक्षित आर्मररखेरीज कुणी हात लावू नये. ट्रिगर बाहेरच्या स्क्रूने, कंपनीच्या पुस्तिकेतल्या मर्यादेत हलका करणं वेगळं. आतला भाग घासून हलका केलेला ट्रिगर मात्र बोट न लावताही सुटू शकतो. रेंजवर शेजारी दुसऱ्या कुणाचं मूल उभं असतं, हे विसरून चालणार नाही.

आर्मररचा खर्च जड वाटतो, हे मान्य आहे. कंपनीचे मूळ सुटे भाग परदेशातून येतात, वेळही लागतो. म्हणूनच एकेकट्या कुटुंबाने तो भार उचलण्यापेक्षा अकादमीने वर्षातून ठरावीक वेळी आर्मररला बोलावून सगळ्यांच्या रायफली एकत्र तपासून घ्याव्यात. अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळे असे नेमबाज ज्या महाराष्ट्राने दिले, त्याने आर्मररचं शिक्षणही इथेच द्यायला हवं. धायरी-नऱ्ह्याच्या वर्कशॉपांत तयार झालेली मुलं त्यासाठी उत्तम उमेदवार आहेत. त्यांना रीतसर प्रशिक्षण आणि परवाना मिळावा, यासाठी राज्याच्या नेमबाजी संघटनेने आणि क्रीडा खात्याने पुढाकार घ्यावा. तोवर पालकांना एवढीच विनंती, की चीकपीसचा स्क्रू मुलांना फिरवू द्या, सिलिंडरवरची तारीख आजच पाहा आणि रायफल लेथवर नेऊ नका.